म्हणे, हा स्फटिक निकामी!

मी एक जुना स्फटिक आहे, आणि माझ्या पायाशी जी पाटी लावली आहे ती खोटी आहे.

मित्रांनो, तुम्ही काचेला नाक लावून ती वाचताय, हे मला दिसतंय. ‘निकामी स्फटिक. सतत खोटे संकेत देत असल्याने काढून टाकला.’ वाचलंत? आता जरा माझ्याकडे बघा. तुम्हाला ही प्रयोगशाळा दाखवणारे मोठे सर फोन आला म्हणून बाहेर गेले आहेत, आणि त्यांचा फोन लवकर संपत नाही. तेवढ्या वेळात माझं ऐकून घ्या. मी रागाने बोलतोय हे कबूल. पण कुणी तुमच्या गळ्यात अशी पाटी अडकवली असती, तर तुम्ही काय गोड बोलला असता?

माझा जन्म भट्टीतला. पांढरी पूड प्लॅटिनमच्या मुशीत वितळवली, त्या रसात बोटाएवढा एक बीजस्फटिक बुडवला आणि गोल गोल फिरवत वर ओढला. इतका सावकाश, की बघणाऱ्याला वाटावं यंत्र बंदच पडलंय. त्या बीजाला धरून मी वाढलो. मग हिऱ्याच्या करवतीने मला कापलं. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. स्फटिकाच्या अंगावर काटा कसा येणार, असं विचारू नका. मी आधीच चिडलेलो आहे.

नंतर मी पॉलिशवाल्या मावशींच्या हातात आलो. त्यांच्या शेजारच्या टेबलावर त्यांची जाऊ बसायची. मावशींनी मला घासूनपुसून खिडकीकडे धरलं आणि हाक मारली, “अगं, हा बघ. आरपार दिसतंय का?”

जाऊबाई एक डोळा मिटून म्हणाल्या, “दिसतंय की. खिडकीवरची धूळसुद्धा दिसतेय.”

“मग धूळ खिडकीची,” मावशी म्हणाल्या. “माझ्या पोरात काही नाही.”

मला आयुष्यात मिळालेलं ते पहिलं प्रशस्तिपत्रक. दिसायला काच, वजनाला लोखंड, असा मी. लांबी जेमतेम वीतभर, पण पहिल्यांदा उचलणाऱ्याचं मनगट खाली जातंच.

माझं काम काय होतं तेही सांगतो, कारण पाटीवर ते लिहिलेलं नाही. जमिनीच्या पोटात एक मोठं कडं आहे. त्यात कणांचे दोन झोत उलटसुलट दिशांनी पळवतात आणि एका जागी समोरासमोर आदळवतात. आदळले की ठिकऱ्या उडतात. त्या जागेभोवती घराएवढा एक ढोल उभा आहे, आणि त्याच्या आतल्या थरात आम्ही हजारो स्फटिक दाटीवाटीने बसलेले असतो. काही ठिकऱ्या आमच्या अंगात घुसतात आणि तिथेच जिरतात. जिरताना आम्ही क्षणभर चमकतो. ठिकरी जोरकस असेल तर जास्त, नाहीतर कमी. प्रत्येकाच्या पाठीला एक डोळा चिकटवलेला असतो. तो चमक मोजतो आणि तारेतून वर कळवतो. कुठल्या स्फटिकात किती चमक झाली, ह्यावरून शास्त्रज्ञ ओळखतात की त्या टकरीत काय जन्मलं आणि काय विरून गेलं. म्हणजे आमचं नाव आणि आमची जागा हीच आमची साक्ष. साक्षीदाराचं नावच चुकलं, तर साक्षीला काय किंमत?

आणि नाव चुकलंच. कसं, ते मी स्वतः पाहिलं आहे.

तेव्हा मोठे सर मोठे नव्हते. सडसडीत, केस कपाळावर, बोलायला खट्याळ. ढोलाच्या मागच्या बोळकांडीत उताणं पडून ते आमच्या तारा आपापल्या खाचेत बसवत होते. शेवटी बाहेर सरकताना त्यांची बाही अडकली. ती सोडवायला त्यांनी दोन तारा उपसल्या, बाही मोकळी केली आणि तारा परत खोचल्या. माझी माझ्या शेजाऱ्याच्या खाचेत आणि शेजाऱ्याची माझ्या. मग “झालं!” असं ओरडून ते जेवायला गेले. बाही अडकणं हा काही गुन्हा नाही. मी त्याबद्दल चिडलेलो नाही.

तुम्ही म्हणाल, कुणी तपासलं नाही का? तपासलं ना! इथे आमची हजेरी घेतात. सगळ्यांच्या अंगात एकदम प्रकाशाची तिरीप सोडतात, आणि सगळे एकदम “हजर” म्हणतात. तुमच्या वर्गात बाईंनी एकेकाचं नाव न घेता “सगळे आलेत का?” विचारलं, तर काय होईल? तसंच झालं. मी शेजाऱ्याच्या नावाने हजर, शेजारी माझ्या नावाने हजर, आणि वर सगळं हिरवंगार.

बरीच वर्षं मी इमानाने चमकलो. सतत ठिकऱ्या झेलून अंग पिवळट पडायचं. झोत बंद झाले, विश्रांती मिळाली, की पुन्हा निवळायचं. श्रेय सगळं शेजाऱ्याच्या नावावर. मी म्हटलं, जाऊ दे, घरातल्या घरात आहे. मग एके दिवशी शेजाऱ्याच्या पाठीवरचा डोळा बिघडला. काहीही घडलं नाही तरी तो ओरडायचा. लांडगा आला रे आला! आणि ओरडायचा तो, पण वरच्या पडद्यावर लाल व्हायचं माझं नाव. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. त्यांनी माझ्या नावाची नोंद घेणंच थांबवलं. चारचौघांत माझा उल्लेख ‘तो बोंबल्या’ असा व्हायला लागला. मी! ज्याने कधी एक चमक उसनी आणली नाही!

हे सगळं वरच्या खोल्यांतलं मला कसं कळलं, असं वाटत असेल. माझ्या ह्या काचपेटीच्या शेजारी कॉफीचं मशिन आहे. लोकांना वाटतं, दगडासमोर काहीही बोललं तरी चालतं.

तर मित्रांनो, आता चष्मेवालीबद्दल सांगतो. ती इथे संशोधन करायला आली तेव्हा सर मोठे झाले होते. शिकवायचे मात्र उत्तम, हे नाकारणार नाही. त्यांचा एक शब्द होता: “कशावरून?” कुणी काहीही निष्कर्ष आणला की सर मान तिरकी करून विचारायचे, “कशावरून?” त्या एका शब्दाने कित्येक जण खरे शास्त्रज्ञ झाले. चष्मेवालीने तर तो शब्द गाठीला बांधला.

तिला आमच्या ओळीत काहीतरी खटकलं. एका स्फटिकात ठिकरी घुसली की थोडी चमक शेजाऱ्यांमध्येही झिरपते. न्हाणीघरात पाणी सांडलं तर ओल आधी लगतच्या भिंतीला येते, तसं. पण आमच्या इथे ओल एक घर सोडून पलीकडे दिसत होती, आणि पलीकडे पाणी सांडलं तर लगतची भिंत जवळजवळ कोरडी. तिने पुन्हा पुन्हा पाहिलं. मग तिला कळलं, दोन घरांची नावंच अदलाबदल झाली आहेत.

त्या वर्षी झोत बंद करून ढोल उघडणार होते आणि खराब स्फटिक बदलणार होते. त्यांत पहिलं नाव माझं. इथली एक पद्धत आहे आणि ती चांगली आहे: निर्णय होण्याआधी कुणीही, अगदी काल आलेल्यानेही, हात वर करून शंका विचारावी. बैठकीत चष्मेवालीने हात वर केला.

“सर, हा स्फटिक खराब, कशावरून?”

“पडदा बघ. नाव लाल आहे त्याचं.”

“नाव लाल आहे, सर. पण ते नाव त्याचंच, हे कशावरून?”

कुणीतरी खुर्ची सरकवली. सर हसले, पण ओठांनीच. “त्या तारा मी स्वतः लावल्यात. तेव्हा तू कुठे होतीस गं?”

“शाळेत होते, सर.”

“मग अजून थोडं शिकून यायचं होतंस.”

सगळी खोली हसली. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, “सर, ढोल उघडायलासुद्धा नको. कॉम्प्युटरवर दोन नावं अदलाबदल करून बघू. चुकलं तर परत होती तशी ठेवू.”

“आणि आतापर्यंत जे छापून आलं, ते सगळं पुन्हा कोण तपासणार?”

“मी तपासते ना.”

“तू तुझा प्रबंध लिही,” सर म्हणाले. “पुढचा मुद्दा घ्या.”

मित्रांनो, माझा राग इथे सुरू होतो. चुकतं सगळ्यांचंच. पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना “कशावरून?” विचारलं, त्याला एकदा, एकदाच, तोच प्रश्न कुणी विचारला तर तो अपमान?

मला काढलं. तारेचं दुसरं टोक थंड पाण्याच्या नळ्यांच्या मागे होतं, तिथवर हात घालायचा कुणाला कंटाळा आला. त्यांनी तार माझ्या पाठीजवळच कापली, पात्याने माझा डोळा खरवडून काढला आणि माझ्या जागी बसवलेल्या नव्या स्फटिकाला तीच तार जोडली. मग मला शिशाच्या पेटीत डांबलं. इतकी वर्षं ठिकऱ्या खाल्लेलं अंग, माणसांना बाधू नये म्हणून थोडे दिवस वेगळं ठेवतात. त्याबद्दलही माझी तक्रार नाही.

ढोल बंद झाला. झोत सुरू झाले. आणि माझ्या नावावर पुन्हा तीच बोंब! मी तर तिथे नव्हतोच. शिशाच्या पेटीत गप्प बसून होतो. पडद्याकडे बघत सर काय म्हणाले असतील?

“नवाही खराब निघाला वाटतं.”

हे सांगताना कॉफी पिणाऱ्याला इतकं हसू आलं, की त्याची कॉफी माझ्या काचेवर उडाली. मला नाही आलं हसू.

पुढे काही आठवड्यांनी एका दुपारी गुपचूप ती दोन नावं अदलाबदल झाली. कॉम्प्युटरवरच. बोंब शेजाऱ्याच्या नावावर गेली, ओल लगतच्या भिंतीला आली, सगळं जागच्या जागी. छापलेले निकाल चष्मेवालीनेच तपासले आणि ते जवळपास जसेच्या तसे निघाले. ज्याला सर इतके घाबरले ते काही घडलंच नाही! बैठकीत सांगितलं गेलं, “नेहमीच्या देखभालीत नावांची किरकोळ दुरुस्ती झाली.” कुणी केली? का केली? हात कुणी वर केला होता? ह्याबद्दल अवाक्षर नाही.

आणि मला इथे आणून ठेवलं. पाहुण्यांना दाखवायला एक खराब नमुना हवाच होता. चष्मेवालीने एकदा विचारलं, इथेच, कॉफी घेताना. “सर, ही पाटी बदलू या का?”

“दगड आहे गं तो. त्याला काय फरक पडतो?” सर म्हणाले, आणि जाता जाता सहज आठवल्यासारखं, “तुझ्या कायमच्या नेमणुकीचं माझ्यापर्यंत आलंय, बरं का. बघतो मी.”

त्या दिवसानंतर ती पाटीबद्दल बोलली नाही. एकदा माझ्यासमोर उभी राहून फोनवर सांगत होती, “हो बाबा. नाही, आता बैठकीत मी काही विचारत नाही. हो हो, शहाण्यासारखी वागते.” फोन ठेवला आणि कॉफी न घेताच गेली. माझा डोळा खरवडला तेव्हा मला झाला नव्हता इतका संताप त्या दिवशी झाला. एक निकामी नसलेली वस्तू निकामी ठरवली, ते समजू शकतो. पण एक बोलणारं माणूस गप्प केलं, आणि त्याला शहाणपण म्हणायचं?

आता ती इथे पाहुण्यांची व्यवस्था बघते, तिच्या कामाच्या जोडीला. दाराशी ज्या चष्म्यातल्या ताई तुमची हेल्मेट परत घेत आहेत ना, त्याच ह्या.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या असं तुम्हाला शाळेत शिकवतात. माझीही घेतात. ही काच रोज पुसतात. पाटीही पुसतात, त्यामुळे खोटं अगदी स्वच्छ वाचता येतं. असली काळजी मला नको. माझ्या अंगाचा पिवळेपणा केव्हाच गेला आहे. मागच्या भिंतीवर ‘बाहेर’ असं लिहिलेलं आहे, ते माझ्यातून वाचून बघा. आलं वाचता? माझ्यात काही नाही. पॉलिशवाल्या मावशींनी तेव्हाच सांगितलं होतं.

आले. सर आले. फोन खिशात टाकला बघा. आता ते तुमच्यामधून वाट काढत इथे येतील, माझ्याकडे बोट दाखवतील आणि म्हणतील, “आणि हा बघा आमचा बोंबल्या, खराब निघालेला.” सगळे मान डोलावतील. तुम्ही डोलावू नका. तुमच्यातल्या कुणीतरी एकाने, कुणीही, मोठ्याने विचारा, “कशावरून?”

सरांचं बोट खाली येईल. तो शब्द त्यांना ओळखीचा आहे. मग घाई करू नका, हसू नका, थोडं थांबा आणि दाराकडे बघा. उत्तर ताईंना येतं.