तेरवीचा फोटो

माझी बायको विजयमाला गेली तेव्हा घरात तिचा एकही धड फोटो नव्हता. लग्नाचा अल्बम वाळवीने खाल्ला. आधार कार्डावरची बाई ती वाटतच नाही. कोणी मोबाईल समोर धरला की ती हात आडवा करायची. म्हणायची, "आपला इंद्रजीत काढते ना. त्याचे चांगले येतात."

इंद्रजीत आमच्याच बोरी अरब गावचा, शेजारच्या घरातला. फोटोग्राफी तो आमच्या वावरात शिकला. दरवर्षी कापूस वेचणीला यायचा, तिचे फोटो काढायचा, तिच्या हातची भाकर खायचा. त्या फोटोंचं पुण्यात प्रदर्शन लागलं, दिल्लीत बक्षीस मिळालं. आता यवतमाळात त्याचे क्लास आहेत. पोरं त्याला सर म्हणतात.

तो यायचा त्या दिवशी ती नवी साडी नेसायची. तो म्हणायचा, काकू, रोजचीच नेस. ती बदलून यायची. मग म्हणायचा, माझ्याकडे पाहू नको. ती पाहायचीच, आणि हसायची.

तेरवीच्या आधी मी एसटीने यवतमाळला गेलो. क्लास चालू होता. त्याने शिकवणं थांबवून मला खुर्ची दिली. पडद्यावर तिचेच हात होते, बोंडातून कापूस ओढणारे. मी म्हटलं, चेहऱ्याचा एक दे, हार घालायचा आहे.

तो कॉम्प्युटरवर बराच वेळ शोधत राहिला. हात निघाले, पाठ निघाली, ओटीतला कापूस निघाला.

"चेहऱ्याचे कुठी गेले?"

"काका, ती कॅमेऱ्याकडे पाहून हसे. ते कामाचे नव्हते. पुसून टाकले."

"सगळेच?"

"जागा लागते नं काका."

मग बक्षीस मिळालेला फोटो मोठा करून, फ्रेम लावून देतो म्हणाला.

"मले ओळखू येतात रे ते हात," मी म्हटलं. "पण तिची बहीण येईन, नातू येईन. त्यायले काय सांगू? हार कोनाले घातला?"

पोरं खाली पाहत होती.

तेरवीला पाटावर नुसता हार ठेवला. इंद्रजीत आला, पाया पडला, खरोखर रडला. बायकांनी त्याला पाणी दिलं. मी पंगतीकडे वळलो तोच मागे कॅमेऱ्याचा आवाज आला. तो गुडघ्यावर बसून त्या पाटाचा फोटो काढत होता.

"आता हा कायले?" मी विचारलं.

"काका, हा फोटो लय बोलते," तो म्हणाला. डोळे अजून ओलेच होते.

तेरवीच्या घरून कोणाला उपाशी पाठवत नाहीत. मी त्याला जेव म्हटलं नाही.