बोळातली फरशी

घराच्या उत्तरेला, भिंत आणि कुंपणाच्या मध्ये, परसात जायचा बोळ आहे. तिथं ऊन येत नाही. उन्हाळ्यात विमल, माझी बायको, दुपारभर तिथंच पोतं टाकून बसायची. चौऱ्याण्णवच्या होळीनंतर ती गेली आणि मला घरात बसवेना. जेवायचोसुद्धा उभ्यानंच.

माझी मुलगी प्रज्ञा नेवाशाला दिलेली. ती म्हणाली, "आबा, एकटं राहणं तुम्हाला जमत नाही. रविवारी न्यायला येते. सामान बांधून ठेवा."

मला घर सोडायचं नव्हतं. हाताला काम असलं तर राहता येईल, असं वाटलं. म्हणून बोळात शहाबादी फरशी टाकायला काढली.

आसाराम गवंडी आमच्याच वस्तीतला. शनिवारी त्यानं फरश्या बसवून फटींत सिमेंट भरलं. जाताना म्हणाला, "नाना, आज पानी मारू नका. उद्या मारा, हलक्या हातानं. सावली हाय, लई लागत न्हाई."

तो गेला. मी ओट्यावर बसलो, उठलो, फाटकापर्यंत जाऊन आलो. सिमेंट तडकेल असं वाटायला लागलं. एक बादली ओतली. मग दुसरी. मग नळीच लावली. पाणी पडत होतं तोवर जरा बरं वाटलं.

सकाळी आसाराम आला. सिमेंट धुऊन गेलं होतं, परसाच्या तोंडाशी राखाडी चिखल साचला होता. फरश्या पायाखाली डुगडुगत होत्या.

"जय भीम, नाना. उसाला पानी भरलं का काय?"

"वाळून जाईल म्हणून मारलं."

"हितं कापडं वाळत न्हाईत, शिमीट काय वाळतंय." तो उकिडवा बसून फटी खरवडायला लागला. "वैनी असत्या तर बादली हिसकून घेतली असती."

त्या दिवसांत माझ्यासमोर तिचा विषय कोणी काढत नव्हतं.

दुपारी फटी पुन्हा भरून झाल्या. त्यानं बोळाच्या तोंडाशी बाज टाकली. "हितं बसा. कुत्रं आलं तर हाकला. बादलीला हात लावायचा न्हाई."

बसलो. पाय थांबेनात. कुत्रं आलं, हाकललं, परत बसलो. या वेळेला मी जन्मभर कृषी विद्यापीठाच्या शेतावर कामाला असायचो. विमल इथं काय करत बसते, कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या कडूबाईचा आवाज आला. तिच्या घरातलं भांडण शब्दन् शब्द ऐकू येत होतं. विमलला सगळ्या आळीची खबर कशी असायची, ते तेव्हा कळलं. मला हसू आलं, मग रडू आलं. पण उठलो नाही.

उन्हं कलल्यावर प्रज्ञा आली. "आबा, सामान कुठंय?"

"बांधलं नाही."

"का?"

"मी इथंच राहतो."

"आणि परत करमेनासं झालं म्हणजे?"

"हळू बोल. कडूबाईचा जावई रुसलाय."

प्रज्ञानं माझ्याकडं बघितलं. पिशवी खाली ठेवली, बाजेवर टेकली.

"कशावरून रुसला?" ती हळूच म्हणाली.