फुटबॉलला लागलेली दृष्ट

एवोदिओबाबांच्या अंगणात त्या मंगळवारी इतकी गर्दी होती, की कोंबड्यासुद्धा भिंतीवर चढून बसल्या होत्या. धुपाच्या धुरानं डोळे चुरचुरत होते. मधल्या बाकावर एलपिदिया बसली होती. तिच्या मांडीवर आठ महिन्यांचा रुफिनो होता आणि त्याच्या अंगावरून बाबा अंडं फिरवत होते.

"ये बाहेर! लपू नकोस! मी तुझ्या आजीलाही ओळखतो!" बाबा दृष्टीला दम भरत होते.

मग भरतकामाच्या रुमालात गुंडाळलेल्या पेल्यात त्यांनी अंडं फोडलं. बघता बघता पाण्यात पांढऱ्या सुया वर चढल्या, ढग पसरला आणि त्यात बुडबुड्याचा एक टपोरा डोळा उमटला. बायकांनी छातीवर क्रूस काढला.

"बाईचा डोळा आहे," बाबा म्हणाले. "फिक्या रंगाचा."

आमच्या सांता क्लारा गावात हिरव्या डोळ्यांची बाई एकच, शाळेची स्वयंपाकीण ब्रिहिदा. आमच्याकडे बाळाचं कौतुक केलं तर त्याला लगेच हात लावायचा, नाहीतर दृष्ट लागते. सोमवारी ब्रिहिदा रुफिनोला "काय गोड लबाड आहे!" म्हणाली आणि हात लावला नाही. लावणार कशी? कोपरापर्यंत मक्याच्या पिठात होती. रुफिनो त्याच रात्री रडला. झालं! ब्रिहिदाला कामावरून काढायचा ठराव शुक्रवारच्या पालकसभेत मांडायचं ठरलं.

बुधवारी रुफिनोची बहीण ओतिलिया वर्गात माझ्यासमोर उभी राहिली. सहावीत आहे, पण प्रश्न वकिलाचे.

"मास्तर, अंड्याला कळतं का हो?"

"मला काय ठाऊक? मी कुठे अंडं आहे? त्यालाच विचारू."

मी फळ्यावर एकच ओळ लिहिली: एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं सारखं ठेवा, दिसेल ते लिहा.

चार अंडी आणली, चारही अंड्यांवर आकडे घातले. ओतिलियानं पहिलं घरी जाऊन रुफिनोवरून फिरवून आणलं. दुसरं फिरवलं तिच्याच वर्गातल्या उबाल्दोच्या फुटबॉलवरून, तिसरं माझ्या टकलावरून. चौथं कशावरूनच नाही. मग चार पेल्यांत नळाचं पाणी भरून चारही फोडली.

चारही तळाशी जाऊन गप्प बसली. सुई नाही, डोळा नाही.

"मास्तर, तुमच्या टकलाला कोणाची दृष्ट लागत नाही," उबाल्दो म्हणाला.

ओतिलियाचा चेहरा मात्र उतरला. "आई म्हणेल, बाबांच्या हातातच गुण आहे. आपला प्रयोग फसला."

"प्रयोग फसत नसतो, पोरी. 'नळाच्या पाण्यात सुया येत नाहीत' एवढं त्यानं सांगितलं. आता बाबांकडे वेगळं काय होतं, ते आठव."

मुलांनी यादी केली. मेणबत्ती लावून पाहिली. प्रार्थना म्हणून पाहिली. उबाल्दोनं तर बाबांसारखी दाढी खाजवूनही पाहिली. अंडी ढिम्म.

"रुमाल राहिला!" ओतिलिया एकदम म्हणाली. "मी पेल्याला हात लावायला गेले, तर त्यांनी फटका मारला. म्हणाले, पाप चिकटेल."

"रुमालानं काय काय लपतं?"

ती हळूच म्हणाली, "मास्तर, आईसुद्धा कॉफीचा पेला फडक्यात धरते."

ब्रिहिदाच्या चुलीवर कॉफीचं आधण होतंच. ते मी स्वतः पेल्यात ओतलं, मुलांना हात लावू दिला नाही. ओतिलियानं कशावरूनही न फिरवलेलं अंडं त्यात फोडलं. सुया! ढग! एक सोडून तीन डोळे! आधणानं अंड्याचा पांढरा भाग शिजतो, त्याचे धागे होतात आणि हवेचे बुडबुडे त्यात अडकतात. पाण्याच्या वाफेचं काय? ती धुपाच्या धुरात कोण ओळखणार?

शुक्रवारी सभा भरली. ब्रिहिदा दाराशी उभी होती, एप्रनचं टोक मुठीत आवळून. पुरावा दाखवायला बाबा पेला, रुमाल, धुमसतं धुपाटणं आणि 'मंतरलेल्या पाण्याचा' थर्मास घेऊन आले होते. ओतिलियानं त्यांच्या हातात अंडं दिलं.

"हे फिरवून आणलंय, बाबा. सांगा ना, काय दिसतं?"

बाबांनी थर्मासमधलं पाणी ओतलं, अंडं फोडलं आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! तोच हिरवा डोळा! बाळ मोठ्या संकटात आहे!"

"बाळ नाही, बाबा," उबाल्दो म्हणाला. "माझा फुटबॉल."

मागून कोणी तरी ओरडलं, "तरीच आपण दर रविवारी हरतो!" आणि सभा खिदळायला लागली.

"फुटबॉललाही दृष्ट लागते!" बाबा गरजले.

"लागत असेल," ओतिलिया म्हणाली आणि तिनं रुमाल ओढला. "आई, पेल्याला हात लाव. जपून."

एलपिदियानं बोट टेकवलं आणि झटक्यात मागे घेतलं. "अगं बाई! हे तर आधण आहे!"

ओतिलियानं एकाच कोंबडीची दोन अंडी घेतली. एक गार पाण्यात फोडलं, एक थर्मासच्या पाण्यात. गारातलं तळाशी झोपलं, गरमातलं सुया उभारून बसलं. ते पाहायला सगळी सभा टेबलाभोवती जमली. मागे वळून बघतो, तर थर्मास जागेवर आणि बाबा गायब.

"मग हा रडतो कशाला?" एलपिदिया कावरीबावरी झाली.

ब्रिहिदा तेवढ्यात हात धुऊन आली. तिनं रुफिनोच्या हिरडीवरून बोट फिरवलं आणि हसली. "दात येतोय, बये. सगळ्यांनी पेल्यात डोकावून पाहिलं, पोराच्या तोंडात कोणी पाहिलं नाही."

ठराव मांडला गेला. "ब्रिहिदा राहावी असं कोणाला वाटतं?" पहिला हात एलपिदियाचा वर गेला. लाजेनं तिनं मान खाली घातली होती, पण हात ताठ होता.

मुलांनो, चमत्कार पाहिलात तर हसू नका आणि वाकूही नका. रुमाल उचलून पाहा. पाणी गार की गरम, विचारा. एक गोष्ट बदला, पुन्हा करून पाहा, आणि कोणा माणसावर बोट दाखवण्याआधी तर दहादा करून पाहा. हे मी सांगतो म्हणून खरं मानू नका. घरी मोठ्यांना आधण ओतायला लावा आणि दोन अंडी फोडा. माझं चुकलं असेल, तर वहीत लिहून आणा. मला आवडेल.