पाण्याचा वाटा

"आजही काहीच नाही?" प्रयोगशाळेत येत तिचे मार्गदर्शक यशवंत सरांनी विचारलं.

रेवतीने फ्लास्क पुढे धरला. द्रावण सकाळी होतं तसंच, नितळ. जुलैत हीच अभिक्रिया होऊन द्रावण बघता बघता पिवळं पडलं होतं. आता मे महिन्यात भोपाळ नुसतं भाजून निघत होतं आणि अभिक्रिया जागची हलायला तयार नव्हती.

"जुलैतले आकडे खरे आहेत ना? परीक्षक पहिला हाच सवाल करतील."

"खरे आहेत, सर."

अभिक्रियेला वेग देणारा नवा पदार्थ तिने स्वतः घडवला होता. पीएचडीची सगळी वर्षं त्यातच गेली होती. सोनागिरीजवळच्या कारखान्यातून निवृत्त झालेले तिचे बाबा, नितीनराव, अवधपुरीतल्या घराजवळ भेटेल त्याला सांगत, "आमच्या पोरीने बनवलेली चीज दुनियेत कुणाकडे नाही."

दुपारी काचसामान वाळवताना तिच्या मनात आलं, या वेळी आपण सगळं किती जपून कोरडं ठेवलंय! जुलैत प्रयोगशाळेच्या भिंतींनासुद्धा ओल होती. तिने सकाळच्या फ्लास्कमध्ये पाण्याचा एक थेंब सोडला. थोड्याच वेळात द्रावण पिवळं झालं.

ती एकटीच मोठ्याने हसली. मग हसू ओसरलं. एक चाचणी राहिली होती. दुसऱ्या फ्लास्कमध्ये तिने बाकी सगळं तेच आणि पाणी घातलं, आपला पदार्थ मात्र घातला नाही. हे पिवळं होऊ नये, असं तिला मनापासून वाटत होतं.

ते झालं. तितकंच पिवळं.

सरांनी दोन्ही फ्लास्क उजेडात धरून पाहिले. "म्हणजे पाण्याचा रेणू एकीकडून हायड्रोजन घेतोय, दुसरीकडे देतोय..."

"आणि शेवटी पाणीच राहतोय. माझ्या पदार्थाचं कामच नाही, सर."

"दोन्ही मिळून चालतं, एवढंच लिही. पाणी एकटं पुरतं का, हे कोण विचारणार आहे?"

"मी विचारलं ना."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "प्रबंध नव्याने लिहावा लागेल. साल-दीड साल जाईल."

"जाऊ दे."

घरी आल्यावर तिने बाबांना सगळं सांगितलं. ते खाली मान घालून ऐकत होते.

"मग तुझी ती चीज?"

"नुसतीच उभी होती, बाबा. काम सगळं पाण्याने केलं."

"हे तूच शोधलंस?"

"हो."

"आणि तूच सांगितलंस."

नितीनराव उठले, आतून कलिंगड घेऊन आले आणि जमिनीवर बसून कापू लागले. मधला बिनबियांचा लालभडक तुकडा त्यांनी सुरीच्या टोकाने अलगद सोडवला आणि तिच्या ताटलीत ठेवला.