उकडलेली सरकी

“मामा, खरं सांगा, नरांना सरकी घालता ना?” डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“म्हणजे काय! माझ्या हातानं घालतो.”

सत्तावीस वर्षं हरणांच्या कुंपणात राबलेल्या माणसाला हे विचारावं म्हणजे अगदीच झालं. पण चिडायलाही अंगात त्राण लागतं, आणि मामांचं त्राण हल्ली सकाळीच संपायचं.

बाईंचंही चुकत नव्हतं. प्राणिबागेत हरणं मावेनाशी झाली होती. सरकी खाऊन नरांचं बीज मरतं आणि वीण थांबते, म्हणून त्यांनीच बागेच्या समितीकडून वर्षाची मुदत मागून घेतली होती. मुदत परवा संपत होती आणि कालच सहावं पाडस जन्मलं होतं. आता समिती अकरा नर ‘कमी करणार’ होती. कमी करणं म्हणजे काय, ते बंदूकवाला जागा बघून गेल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

“कशी घालता? पहिल्यापासून सांगा.”

“आदल्या दिवशी भिजवतो. मग पिंपात उकडतो, बोटानं दाबली जाईपर्यंत. आपल्या म्हाताऱ्या बोळक्याचे दात गेलेत ना, त्याला कोरडी चावत नाही. त्याची वेगळी ठेवली तर बाकीचे त्याला ढकलून तीच खातात. म्हणून सगळ्यांनाच उकडून.”

“उकडता?” बाईंचं पेन थांबलं.

“आमच्या घरी म्हशीला तशीच घालायचे. का?”

“उकडली की गुण जातो तिचा, मामा. वर्षभर तुम्ही त्यांना नुसता खुराक दिलात.”

मामा पालथ्या बादलीवर बसले. एवढा जीव लावून केलं, आणि तेच पोरांच्या मुळावर आलं.

बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, “सरकी लागू पडली नाही, एवढंच लिहिते. तुमचं नाव नको. निवृत्तीला सातच महिने तर राहिलेत.”

“मग अकरा जातील.”

“हो.”

“आणि मामानं उकडली, असं लिहिलंत तर?”

“तर आणखी वर्ष मागता येईल. पण तुम्हाला कुंपणात ठेवणार नाहीत.”

मामांनी गुडघ्यावर हात टेकून स्वतःला उभं केलं. “तसंच लिहा. आणि अक्षर नीट काढा, तुम्हा डॉक्टरांचं कुणाला वाचता येत नाही.”

वर्ष मिळालं. मामांना फाटकावर तिकिटं फाडायला बसवलं. आठवडाभर त्यांनी हरणांकडे जायचं टाळलं, मग एका दुपारी पाय वळलेच. नवा माणूस कोरडी सरकी ओतत होता. नर तुटून पडले. बोळक्यानं दोन-चार दाणे तोंडात घोळवले आणि तसेच खाली सांडले. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या.

“मामा, हा बघा ना, खातच नाही,” नवा माणूस म्हणाला. “जरा मऊ करून घालू का?”

मामांनी कुंपणाची जाळी घट्ट धरली.

“नको,” ते म्हणाले. “कोरडीच घाल.”