सावलीकडची खिडकी

अलोइस थिल्जेसने सत्तरीच्या उंबरठ्यावर दुसरं लग्न केलं, त्याला ब्रामश्टाइनमध्ये कुणी हसलं नाही. हसले ते त्याच्या घाईला. हा शहाणा सप्टेंबरात लग्न करून मोकळा झाला. थोडा धीर धरून वसंतात केलं असतं, तर बायकोला निदान सहा महिने ऊन तरी दिसलं असतं. पुलापलीकडच्या कॅफेवाल्या केटीने भर कॅफेत जाहीर करून टाकलं होतं, "सपाट मुलखातली बाई ती! त्या सावलीत हिवाळा काढला तिने, तर नाव बदलीन माझं."

केटीचं तोंड फाटकं असलं, तरी ती खोटं बोलत नव्हती. नदी दोन्हीकडच्या गच्च रानातून येते आणि गावाशी वळण घेते. वळणाच्या उत्तरेला सुळक्यावर किल्ला आहे. किल्ल्याच्या पायथ्याची घरं थंडीतही दुपारभर ऊन खातात. दक्षिण काठावरची, अलोइसच्या गल्लीतली घरं मात्र डोंगराला पाठ लावून बसलेली. नोव्हेंबरात सेंट मार्टिनच्या सणाला ऊन तिथून जे जातं, ते ईस्टरआधीचे उपासाचे दिवस सुरू झाल्याशिवाय परत फिरकत नाही. म्हणून पलीकडचे अलीकडच्यांना 'बुरशी' म्हणतात. अलीकडचे पलीकडच्यांना 'सरडे' म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललंय आणि यावरून कुणाचं नाक कधी फुटलेलं नाही.

मार्सेलीन पहिल्यांदा आली ती मे महिन्यात, निवृत्त लोकांच्या सहलीच्या बसमधून. लक्झेंबर्गच्या दक्षिण टोकाला लोखंडाच्या खाणींचं शहर आहे, तिथली ती. विधवा, हातात छत्री, पायात चालायचे दणकट बूट. बाकीची मंडळी केटीकडे केक खायला गेली आणि ही चुकून पूल ओलांडून अलोइसच्या गल्लीत शिरली. वळून बघते तर समोर अख्खा किल्ला. खाली नदी, नदीवर वाकलेली झाडं, झाडांवर खडक, आणि खडकातूनच उगवल्यासारख्या त्या भिंती, बुरूज, निळसर पाटीच्या दगडाची छपरं. ती छत्री टेकून तिथेच उभी राहिली. बाकावर बसलेल्या अलोइसला तिने शेवटी विचारलं, "हे तुम्हाला रोज दिसतं?"

"रोज बघतंय कोण," अलोइस म्हणाला. मग उगाच, बाई देखणी होती म्हणून, पुढे म्हणाला, "ती वर पायऱ्या-पायऱ्यांची त्रिकोणी भिंत आहे ना? ती मी रचलीय."

ते मात्र खरं होतं. त्याच्या तरुणपणी किल्ल्यावर छप्पर नव्हतं, आत बाभळीएवढी झुडपं माजली होती. दुरुस्ती निघाली तेव्हा गवंडी म्हणून तो वर चढला आणि उमेदीची सगळी वर्षं तिथेच घालवून उतरला. मार्सेलीनने कुठला दगड कुठून आणला ते विचारलं. मग आणखी काय काय विचारलं. तेवढ्यात बस निघून गेली.

लग्नानंतर ती रोज सकाळी नदीकडच्या खिडकीची लाकडी दारं धाडकन उघडायची, किल्ल्याकडे बघायची आणि म्हणायची, "अगं बाई! आहे गं, आहे अजून!" जणू रात्रीतून कुणी उचलून नेणार होतं. अलोइस अंथरुणात पडल्या पडल्या हसायचा. त्या घरात इतकं सुख आपल्याला पुन्हा मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं.

सेंट मार्टिन झाला, ऊन गेलं, आणि काही दिवसांतच ती दारं उघडेनाशी झाली.

ती कुरकुरली असती तर बरं झालं असतं. ती कुरकुरत नव्हती. दुपारी दिवा लावायची, विणायची, सूप ढवळायची. अलोइसने विचारलं, "खिडकी उघडू का गं?" तर म्हणायची, "राहू दे." बस, तेवढंच. सकाळी तो पाव आणायला पुलापलीकडे जायचा आणि परत येताना बंद खिडकीकडे मान वर करून बघायचा. खिडकीच्या कट्ट्यावर रानचिमण्या मात्र रांगेत बसलेल्या असायच्या, दार मिटलेलं असूनही. बंद घराशी त्यांना कसली आशा, हे काही त्याला उमगत नव्हतं.

जानेवारी सरता सरता त्याने मनाशी ठरवलं. ज्या घरात जन्मलो, जिथून आई-बापाला आणि पहिल्या बायकोला पोचवलं, ते सोडायचं. सोडवत नव्हतं. पण ही गेली तर घर घेऊन काय करायचं? तो केटीकडे गेला आणि कॅफेवरच्या दोन खोल्या मागितल्या.

"बुरशी उन्हात येतेय म्हणायची!" केटी म्हणाली. पण त्याचं तोंड पाहून तिने थट्टा आवरली. "घे की. रिकाम्याच आहेत. खिडक्यांत सकाळपासून ऊन असतं."

"तिला बोलू नकोस. मला सांगायचंय."

"माझ्या पोटात राहील," केटी म्हणाली. आजवर तिच्या पोटात जेवणाशिवाय काही राहिलेलं नव्हतं, पण अडलेला माणूस विश्वास ठेवतो.

कधी सांगायचं तेही त्याने ठरवून ठेवलं होतं. उपासाच्या पहिल्या रविवारी गावकरी दक्षिणेच्या डोंगरावर फांद्यांचा आणि पेंढ्याचा उंच ढीग रचतात आणि थंडी जाळतात. पेटवायचा मान वर्षात शेवटचं लग्न झालेल्या जोडप्याचा. मग त्यातला विस्तव कंदिलात घालून बायकोने घरी न्यायचा आणि आपली चूल पेटवायची. ज्या घरात ती चूल पेटवते ते घर तिचं, आणि त्यानंतर तिला परकी म्हणायची कुणाची टाप नसते. अलोइस तिला पुलापाशी सांगणार होता, की इकडे नको, तिकडे चल, उन्हातली चूल पेटव.

पण शनिवारी मार्सेलीनची थोरली बहीण जर्मेन गाडी घेऊन आली.

जर्मेनने कोट काढायच्या आधी गल्लीला नावं ठेवली. "दुपारी दोनला दिवे? कोंबड्या तरी अंडी देतात का इथे?" भिंतीला हात लावून तिने बोटं पुसली. रात्री जेवणात मार्सेलीन भांडी घेऊन आत गेली, तेव्हा जर्मेनने अलोइसला सरळच सांगितलं, "हे बघा, तुम्ही माणूस चांगले आहात. पण मी तिला न्यायला आलेय, लपवत नाही. उद्या तुमची ती आग झाली की मी निघणार. तिने अजून हो म्हटलेलं नाही."

"आणि नाही?" अलोइसने विचारलं.

"नाहीही म्हटलेलं नाही."

रविवारी दुपारी आगीची व्यवस्था बघणारा नेकल दारात आला. धिप्पाड, सदा घामेजलेला, बोलायला लागला की गल्लीच्या टोकाला ऐकू जाणारा. "अलोइस, बायको आहे ना रे संध्याकाळी? नाहीतर वायरिखांच्या पोराला सांगतो, त्याचं ऑगस्टात झालंय."

"असेल," अलोइस म्हणाला आणि कोट आणायला आत गेला. पलंगावर मार्सेलीनची तपकिरी बॅग होती. भरलेली. लोकरीचे स्वेटर, विणकामाच्या सुया, आणि सगळ्यात वर घरात घालायच्या सपाता. कपडे माणूस चार दिवसांसाठीही नेतो. सपाता नेतो तेव्हा संपलं. तो जरा वेळ पलंगाच्या कडेवर बसला आणि मग कोट न घेताच बाहेर आला.

अंधार पडता पडता सगळं गाव डोंगर चढलं. वर वाटाण्याचं सूप उकळत होतं, नेकलची बायको किसलेल्या बटाट्याच्या टिक्क्या तळत होती. जर्मेनने दोन खाल्ल्या, मीठ कमी आहे म्हणाली आणि तिसरी घेतली. तिची गाडी खाली पुलाच्या तोंडाशीच उभी होती, निघायला सोपं जावं म्हणून. बॅग तिच्यात ठेवलेली अलोइसने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

गावातले दिवे मालवले. किल्ल्यावरचेही मालवले. खोऱ्यात नुसता नदीचा आवाज राहिला. मार्सेलीनने आणि अलोइसने मिळून मशाल धरली. तिचा हात त्याच्या हातावर होता, गरम आणि घट्ट. या हाताने निरोप घ्यायचा असेल असं वाटत नव्हतं, पण त्याला आता कशाचाच भरवसा राहिला नव्हता. पेंढा धुमसला, मग भडकला, आणि ज्वाला झाडांच्या वर गेली.

तेव्हा समोरच्या काळोखातून किल्ला बाहेर आला. आधी बुरुजाची कड, मग लांबलचक भिंत, मग छपरं, सगळं तांबूस, हलतं. आठशे वर्षांचा तो दगड श्वास घेतोय असं वाटावं इतका जिवंत. खालचं रान काळं आणि नदीत एक लाल रेघ. लोक गप्प झाले. दरवर्षी बघतात, दरवर्षी गप्प होतात. जर्मेनच्या हातातली चौथी टिक्की तोंडापर्यंत गेलीच नाही.

"अगं बाई," ती म्हणाली. तिच्या तोंडून निघालेलं पहिलं चांगलं वाक्य तेच.

नेकलने कंदिलात निखारा घातला, वात पेटवली आणि कंदील मार्सेलीनच्या हातात दिला. "जपून ने हं. वाटेत विझला तर नवरा वर्षभर गार!"

"तो कधी गरम होता?" मागून केटी ओरडली आणि सगळी टेकडी हसली. अलोइस तेवढा हसला नाही.

मिरवणूक खाली आली. पुलाच्या तोंडाशी वाटा फुटत होत्या. समोर पूल, पलीकडे केटीचा कॅफे. डावीकडे सावलीची गल्ली. उजवीकडे जर्मेनची गाडी. मार्सेलीन थांबली. मागचे लोकही थांबले, कारण सगळ्यांना सगळं माहीत होतं.

अलोइस पुढे झाला. "मार्सेलीन, केटीकडच्या वरच्या खोल्या घेतल्यात मी. तिकडे ऊन आहे. चूल रचून ठेवलीय. इथे नको राहायला. पण जाऊ नकोस गं. तू गेलीस तर मला काही सुचणार नाही."

"माहीत आहे," मार्सेलीन म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"खोल्यांचं. मंगळवारीच कळलं. केटीने मला विचारलं, पडदे निळे लावू का पिवळे." तिचा आवाज चढला. "म्हणून तर बॅग भरून जर्मेनच्या गाडीत टाकली. म्हटलं, नवऱ्याने न विचारता बिऱ्हाड हलवायचं ठरवलंच आहे, तर आपण कशाला मागे राहायचं, आपणही निघू! आठवडाभर वाट बघतेय, आज विचारेल, उद्या विचारेल. मला एका शब्दाने विचारलंस तू?"

"तू खिडकी उघडत नव्हतीस. मला वाटलं, कंटाळलीस या सावलीला."

"अरे माणसा!" तिने कंदील वर करून त्याच्या तोंडापाशी धरला. "मी खिडकी उघडली की तू किल्ल्याकडे बघत नाहीस, माझ्या तोंडाकडे बघतोस. ही खूश आहे का, ही रडते का, ही जाते का. तुझं ते भेदरलेलं तोंड बघू का किल्ला बघू? शांतपणे बघूच देत नाहीस. म्हणून तू पाव आणायला गेलास की उघडते. मी आणि चिमण्या बघत बसतो. तुझी पावलं वाजली की लावून घेते."

कट्ट्यावरच्या चिमण्यांची रांग अलोइसच्या डोळ्यांसमोर लख्ख उभी राहिली.

"आणि केटीच्या खिडकीतून काय दिसतं रे? किल्ला डोक्यावर, म्हणजे दिसणारच नाही. दिसणार आपली गल्ली. ऊन मला आमच्या गावात ढीगभर होतं. ते सोडून मी कशासाठी आले?"

एवढं बोलून ती डावीकडे, सावलीच्या गल्लीत वळली. कंदील तिने छातीशी धरला होता.

"अगं, माझी चूल रचलीय त्याचं काय!" केटी ओरडली.

"आम्लेट कर तिच्यावर!"

"केटी," नेकल गरजला, "नवं नाव काय ठेवायचं तुझं?" पुलावर हशा पिकला. सरडे हसले, बुरशी त्याहून मोठ्याने हसली. जर्मेन गाडीपाशी उभी होती. तिने दार उघडलं, तपकिरी बॅग बाहेर काढली आणि मुकाट्याने अलोइसच्या हातात दिली. मग म्हणाली, "मीही आज राहते. सकाळी दिसतो ना तो किल्ला तुमच्याकडून?"

घरात मार्सेलीनने कंदिलाने चूल पेटवली. काटक्या तडतडल्या. मग तिने नदीकडची दारं धाडकन उघडली. गार वारा आत आला, आणि त्याच्याबरोबर किल्ल्यावर पडून परतलेला डोंगरावरच्या आगीचा उजेड. अलोइस बॅग हातात धरून उभा होता आणि तिच्या तोंडाकडेच बघत होता.

"सपाता काढ त्यातल्या," ती म्हणाली, "पाय गारठलेत माझे."

त्याने वाकून तिच्या पायांत सपाता घातल्या. उठताना पुन्हा त्याची नजर तिच्या तोंडाकडे गेली. तेव्हा मार्सेलीनने काजळी लागलेल्या दोन बोटांनी त्याची हनुवटी धरली आणि खिडकीकडे वळवली.

"तिकडे बघ."

त्याने बघितलं. उतरत्या उजेडात त्याची पायऱ्या-पायऱ्यांची भिंत उभी होती, सरळ, एकही दगड न हललेली. ती रचली तेव्हा तो इतका जवळ होता की सगळी मिळून त्याला कधी दिसलीच नव्हती, आणि खाली उतरल्यावर त्याने बघितली नव्हती.

"अगं बाई," अलोइस थिल्जेस म्हणाला. "आहे गं. आहे अजून."