माझ्या पोटातल्या जाळ्या

मित्रांनो, मी एका मोटरसायकलचा जुना सायलेन्सर आहे. माझ्या अंगावर वेल्डिंगचा हा लांब व्रण दिसतो ना, त्याचीच ही गोष्ट.

कारखान्यात माझ्या पोटात कप्पे आणि जाळ्या बसवल्या गेल्या. इंजिनाचा आरडाओरडा गिळायचा आणि बाहेर नुसती गुरगुर सोडायची, हे माझं काम. भरल्या घरात सगळ्यांचं ऐकून घेणारी एखादी मावशी असते ना, अगदी तसंच.

आमचे मालक पाववाले. रोज पहाटे दारोदार पावाची पिशवी अडकवायची, पण गल्लीत कुणी कूसही बदलायचं नाही. "काका, गाडी आहे की मांजर?" गिऱ्हाइकं विचारायची आणि मी फुलून जायचो. अशी चौदा वर्षं गेली.

पुढे मालकांना कमी ऐकू यायला लागलं. इंजिन केव्हा रडतंय तेच कळेना, त्यामुळे गिअर चुकू लागले. एकदा चढावर गाडी बंद पडली आणि सगळे पाव रस्त्यावर.

त्यांची लेक गॅरेज चालवते. ती म्हणाली, "बाबा, गाडी विकू या आता."

"मग मी काय करू? खिडकीत बसून कबुतरं मोजू?"

आवाज वाढवला तर बाबांना इंजिन ऐकू येईल, असं तिच्या डोक्यात आलं. दुसऱ्या दिवशी तिने ग्राइंडरने मला उभं चिरलं, जाळ्या उपसल्या आणि पुन्हा सांधलं. किक बसताच मी असा डरकाळलो, की माझी मलाच लाज वाटली. मालकांचा चेहरा मात्र उजळला. "अगं, ऐकू येतंय!"

ऐकू अख्ख्या गल्लीला येत होतं. मोकळ्या रस्त्यावर गाडी जोरात पळे, पण हळू जाताना तिचा दम तुटे. चौथ्या पहाटे खिडकीतून एक बाळंतीण कडाडली, "काका, उद्यापासून पाव नको! आत्ता कुठे झोपलं होतं हो बाळ!" मालकांना तेही ऐकू आलं नाही. त्यांनी हसून हात हलवला.

दुपारपर्यंत आणखी सहा घरांनी लेकीकडे पाव बंद केल्याचे निरोप धाडले. तिने भंगाराच्या डब्यातून माझ्या जाळ्या शोधल्या, पुसल्या, मला पुन्हा चिरून जागच्या जागी बसवल्या आणि सांधलं. मग बाबांना मोकळ्या मैदानात नेलं आणि स्वतः मागे बसली. "बाबा, कान सोडा. इंजिनाच्या थरथरीने पायाला मुंग्या आल्या की गिअर बदलायचा." चुकले की खांद्यावर टिचकी. पहिल्या दिवशी खांदा लाल झाला. आठव्या दिवशी एकही टिचकी पडली नाही.

"पायाला ऐकू येतं गं!" मालक म्हणाले.

लेकीने त्या सात घरांकडून पुन्हा पाव टाकून बघायला एक पहाट मागून घेतली.

मित्रांनो, एखादं कुणी गप्प राहून काम करत असेल, तर त्याच्यात जोर नाही असं समजू नका. त्याला चिरण्याआधी त्याच्या पोटात काय आहे, एवढं तरी विचारा.

त्या पहाटे आम्ही बाळंतिणीच्या दारी पिशवी अडकवली. खिडकी उघडली नाही. आयुष्यात एवढी मोठी शाबासकी मला कधीच मिळाली नव्हती.